स्कायहूक चालू केलं की सपाट रस्त्यावर गाडी डुलायची: सेमी-ॲक्टिव्ह डॅम्परच्या उशिराची एक केस

एका टेस्ट कारची केस आहे. चारही चाकांना सेमी-ॲक्टिव्ह डॅम्पर (म्हणजे चालत्या गाडीत विजेने कडक-मऊ करता येणारा शॉकअप), तो कधी कडक आणि कधी मऊ करायचा हे ठरवायला कंट्रोलरमध्ये स्कायहूक लॉजिक, सिम्युलेशनमध्ये सगळं झकास, मोठ्या लाटांच्या रस्त्यावरही गाडी सुरेख चालायची, आणि सिमेंटच्या सपाट रस्त्यावर ताशी ६०-६५ ला आली की साध्या शॉकअपच्या गाडीपेक्षा वाईट. आम्ही यात बरेच आठवडे घालवले आणि शेवटी जे सापडलं ते इतकं साधं होतं की हे सविस्तर लिहून ठेवायलाच पाहिजे असं वाटलं, कारण ही चूक कुठल्याही टीमकडून होऊ शकते, आणि एकदा नीट समजली की परत होत नाही.

आधी गाडीचे आकडे, कारण पुढचा सगळा हिशोब त्यांच्यावरच आहे. एका पुढच्या चाकापुरतं बोलायचं तर त्या कोपऱ्यावर येणारा बॉडीचा भाग ३६० किलो, चाक-हब-ब्रेक मिळून ४० किलो, स्प्रिंग २० हजार न्यूटन प्रति मीटर आणि टायरचा कडकपणा त्याच्या दहापट, म्हणजे २ लाख. यातून बॉडीची स्वतःची फ्रीक्वेन्सी येते १.१३ हर्ट्झ आणि चाकाची, म्हणजे चाकाच्या वरखाली नाचण्याची, ज्याला व्हील हॉप म्हणतात ती, ११.८ हर्ट्झ. डॅम्पर मऊ असताना डॅम्पिंग, म्हणजे वेगाच्या मानाने तो किती विरोध करतो ते, ५०० न्यूटन-सेकंद प्रति मीटर आणि कडक असताना ३५०० (खरा डॅम्पर काही असा सरळ रेषेत वागत नाही, पण समजून घ्यायला हे पुरतं). साध्या गाडीत याच जागी १५०० च्या आसपासचा शॉकअप असता. आमच्या डॅम्परमध्ये सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेच्या कॉइलने सरकणारा तेलाचा व्हॉल्व्ह, होता आणि करंट वाढला की कडक व्हायचा, काही डॅम्परमध्ये हे उलट असतं.

स्कायहूक म्हणजे काय ते थोडक्यात. डीन कार्नॉप, मायकेल क्रॉस्बी आणि हारवुड यांनी १९७४ मध्ये मांडलेली कल्पना, की बॉडीला चाकाशी जोडलेल्या डॅम्परऐवजी वर आकाशात टांगलेल्या एका काल्पनिक डॅम्परने धरलंय असं समजा. तसं खरंखुरं करता येत नाही, मग त्याची नक्कल करायची. बॉडी वर जातेय आणि डॅम्पर उघडतोय, म्हणजे डॅम्पर बॉडीला खाली ओढतोय, हे आपल्याला हवंय, तर कडक कर. बॉडी वर जातेय पण डॅम्पर दाबला जातोय, म्हणजे तो बॉडीला अजून वर ढकलतोय, हे नकोय, तर मऊ कर. बॉडी खाली जाताना सगळं उलट. दोन वेगांचा गुणाकार करायचा, एक बॉडीचा आणि दुसरा बॉडी आणि चाक यांच्यामधला, गुणाकार पॉझिटिव्ह आला तर कडक, निगेटिव्ह आला तर मऊ. एवढंच. पंपाने जोर लावणाऱ्या फुल ॲक्टिव्ह सस्पेन्शनच्या मानाने इथे वीज अगदी थोडी लागते आणि डॅम्पर गाडीत स्वतःची ऊर्जा कधीच घालू शकत नाही, तो फक्त खाऊ शकतो. या शेवटच्या वाक्यावर आमचा गाढ विश्वास होता आणि त्या विश्वासानेच आम्हाला सगळ्यात जास्त फिरवलं.

तक्रार

पहिल्यांदा तक्रार केली ती टेस्ट ड्रायव्हरने. माणूस अनुभवी, उगाच बोलणारा नाही. गाडीतून उतरून म्हणाला, "सर, बुडाखाली थरथर आहे ती आहेच, पण गाडी डुलतीये पण. होडीत बसल्यासारखं वाटतं. दोन्ही एकदम कसं काय होईल?"

हा प्रश्न त्याने विचारला तेव्हाच आम्ही कान टवकारायला पाहिजे होते. थरथर आणि डुलणं हे सस्पेन्शनमध्ये साधारण एकमेकांच्या विरुद्ध टोकाचे दोष. डॅम्पर मऊ ठेवला तर डुलते, कडक ठेवला तर थरथरते. दोन्ही एकदम आलं म्हणजे डॅम्पर जास्त मऊ किंवा जास्त कडक हा मुद्दाच नाही, तो चुकीच्या वेळी मऊ आणि चुकीच्या वेळी कडक होतोय. पण हे आत्ता लिहिताना सोपं वाटतं, तेव्हा आम्ही दोन वेगळ्या तक्रारी म्हणून दोन वेगळ्या कागदांवर लिहून घेतल्या आणि दोन वेगळ्या लोकांना दिल्या.

थरथरीसाठी टायर बदलून पाहिले, हवा कमी जास्त केली, डॅम्परच्या वरच्या टोकाचं रबर माउंट बदललं. काही फरक नाही. डुलण्यासाठी स्कायहूकचा गेन, म्हणजे तो डॅम्परकडून किती जोर मागतो ते, वाढवला, तर जास्तच डुलायला लागली, गेन कमी केला तर थरथर आणि डुलणं दोन्ही कमी झालं, पण मग मोठ्या लाटांवर गाडी आधीसारखी धरून बसेना. मग कोणीतरी म्हणालं की हाइट सेन्सरचा (बॉडी आणि चाक यांच्यातलं अंतर मोजणारा) सिग्नल नॉइझी दिसतोय, त्यातला भराभर हलणारा भाग कापणारा फिल्टर अजून जड करू. फिल्टर १५ हर्ट्झवरून १० वर आणला. डुलणं किंचित कमी झालं आणि टकटक वाढली. याचा अर्थ तेव्हा कोणालाच लागला नाही आणि आम्ही तो बदल तसाच मागे घेतला, पण खरं उत्तर त्या निकालातच होतं, त्याच्याकडे पुढे परत येतोच.

मधल्या काळात एक चांगली गोष्ट केली ती म्हणजे करंट लॉक करून गाडी चालवली. कंट्रोल बंद, चारही डॅम्परला ठरलेला करंट, एकदा पूर्ण मऊ, एकदा मधला, एकदा पूर्ण कडक, तोच रस्ता, तोच स्पीड, तोच ड्रायव्हर. मऊवर चाकं नाचत होती पण बॉडी डुलत नव्हती. कडकवर बारीक हादरे येत होते पण बॉडी डुलत नव्हती. मधल्यावर तर छानच. आणि स्कायहूक चालू केलं की लगेच डुलणं सुरू. ही टेस्ट अर्ध्या दिवसाची आहे आणि ती पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होती, माझं स्पष्ट मत आहे की सेमी-ॲक्टिव्हच्या कुठल्याही तक्रारीत हीच पहिली टेस्ट, बाकी सगळं नंतर. यातून एक पक्कं झालं की दोष लोखंडात नाही, रबरात नाही, टायरात नाही, दोष डॅम्परला कधी काय सांगितलं जातंय त्यात आहे.

आणि दुसरी एक गोष्ट, जिने खरी झोप उडवली. बॉडीच्या ॲक्सेलरोमीटरचा (ॲक्सेलरेशन मोजणारा सेन्सर) ग्राफ काढला तर डुलणं १.१ हर्ट्झला होतं, म्हणजे बॉडीच्या स्वतःच्या फ्रीक्वेन्सीला. ताशी ६४ ला १.१३ हर्ट्झ यायला रस्त्यात १५-१६ मीटर लांबीची लाट पाहिजे. या रस्त्याची पातळी मोजलेली होती. तशी लाट त्यात नव्हतीच. होते ते फक्त सिमेंटच्या स्लॅबचे जोड, दर साडेचार मीटरवर एक. ताशी ६४ म्हणजे सेकंदाला १७.८ मीटर, भागिले साडेचार, म्हणजे जोडाचे ठोके ३.९५ हर्ट्झला. त्याची दुप्पट ७.९, तिप्पट ११.८५. तिप्पट बरोबर व्हील हॉपवर बसते, म्हणून हाच स्पीड वाईट, आणि ३.९५ व ७.९ हे माणसाला उभे हादरे सगळ्यात जास्त जाणवतात त्या साधारण ४ ते ८ हर्ट्झच्या पट्ट्याच्या दोन कडांना. इथपर्यंत थरथर समजली. पण १.१ हर्ट्झचं डुलणं कुठून आलं? रस्ता ते देत नाही. आणि डॅम्पर तर ऊर्जा देऊच शकत नाही ना?

दोन रेषा

उत्तर मिळालं ते दोन रेषांच्या एका ग्राफमधून. आम्ही डॅम्परच्या शेजारी अंतर मोजणारा एक तारेचा पोटेन्शिओमीटर बसवला, वरचं टोक बॉडीला आणि खालचं चाकाच्या बाजूला, आणि तो कंट्रोलरला न जोडता थेट वेगळ्या लॉगरला जोडला, सेकंदाला १००० सॅम्पल. सोबत करंट मोजणारा क्लॅम्प. म्हणजे एका बाजूला डॅम्पर खरोखर काय करतोय आणि दुसऱ्या बाजूला आपण त्याला काय सांगतोय, मध्ये कंट्रोलरचं स्वतःचं मत नाही.

रात्री वर्कशॉपमध्ये लॅपटॉपवर अर्धा सेकंदाचा तुकडा मोठा करून पाहिला. बॉडी हळूहळू वर जातेय. या पूर्ण वेळात स्कायहूकचा नियम सांगतो की डॅम्पर उघडताना कडक, दाबताना मऊ. डॅम्परचा वेग व्हील हॉपने सेकंदाला पावणेबारा वेळा इकडून तिकडे होतोय, शिखर साधारण ०.३ मीटर प्रति सेकंद, म्हणजे अंतरात बघितलं तर जेमतेम ४ मिलिमीटर वर, ४ मिलिमीटर खाली. आणि करंटची रेषा? डॅम्पर उघडत असताना करंट तळाला आणि दाबला जात असताना करंट माथ्याला. एकमेकांचं आरशातलं प्रतिबिंब. मी दोनदा चॅनलची चिन्हं तपासली, कुठे मायनस तर राहिला नाही ना म्हणून. राहिला नव्हता. नियम बरोबर होता, कोड बरोबर होता, फक्त तो पोहोचेपर्यंत चाकाने अर्धी फेरी पूर्ण केलेली असायची.

११.८ हर्ट्झचा एक फेरा ८५ मिलिसेकंदांचा. अर्धा फेरा ४२ मिलिसेकंद. म्हणजे तुमचा सगळा उशीर मिळून ४२ च्या आसपास गेला की तुमचं लॉजिक अक्षरशः उलटं होतं, कडकच्या जागी मऊ आणि मऊच्या जागी कडक.

दुसऱ्या दिवशी उशीर कुठे कुठे होतोय ते मोजायला बसलो. हाइट सेन्सरची दांडी सस्पेन्शनच्या आर्मपासून सोडवली, हातात धरली, झटका दिला आणि स्कोपवर दांडीचं हलणं आणि करंट सुरू होणं यांच्यातलं अंतर पाहिलं. २५ मिलिसेकंदांच्या आसपास, आणि अजून ना कॉइल भरलीये ना तेल हललंय. तुकडे करून पाहिलं तर असं निघालं. सेन्सरचा मेसेज दर १० मिलिसेकंदांनी येतो, म्हणजे सरासरी ५ शिळा. मग १५ हर्ट्झचा सेकंड ऑर्डर फिल्टर, तो व्हील हॉपच्या फ्रीक्वेन्सीला तब्बल १७ मिलिसेकंद खातो. कंट्रोलरचा लूप ५. कॉइलचा करंट वाढायला ३. व्हॉल्व्ह सरकून तेलाचा दाब तयार व्हायला ८. बेरीज ३८. आणि हे फक्त कडक होतानाचं, मऊ होताना करंट उतरायला ३ नाही तर १८ मिलिसेकंद लागत होते, म्हणजे तिकडे बेरीज ५३. दोन्हीची सरासरी ४५.५, म्हणजे ४६ च्या जवळ, व्हील हॉपच्या भाषेत (पूर्ण फेरा ३६० अंश धरून) १९३ अंश.

यातला एकही आकडा एकटा पाहिला तर कोणाला वाईट वाटणार नाही, हे मला इथे मुद्दाम सांगायचंय. सेन्सरवाल्याने १० मिलिसेकंद दिले ते त्याच्या हेडलाइट लेव्हलिंगच्या कामाला भरपूर आहेत. फिल्टर १५ हर्ट्झचा ठेवला कारण व्हील हॉप १२ आहे, म्हणजे सिग्नल तर जातोय ना पलीकडे. जातो, पण उशिरा जातो, आणि फिल्टर निवडताना आपण सगळे सिग्नल किती कापला जातो ते बघतो, किती उशिरा पोहोचतो ते बघत नाही. लूप ५ मिलिसेकंदांचा, तो बॉडीच्या १ हर्ट्झला अगदी आरामात चालतो. प्रत्येकाने आपापलं काम नीट केलं होतं, बेरीज मात्र कोणीच केली नव्हती. सिम्युलेशनमध्ये फक्त व्हॉल्व्हचे ८ मिलिसेकंद घातलेले होते.

मग डुलवत कोण होतं

हा भाग मला सगळ्यात आवडतो म्हणून जरा सावकाश सांगतो.

बॉडी वर जातेय असं समजा. चाक खाली भराभर नाचतंय, डॅम्पर उघडतोय-दाबला जातोय, उघडतोय-दाबला जातोय. लॉजिक बरोबर वेळेवर चाललं तर उघडताना ३५०० आणि दाबताना ५००, म्हणजे खाली ओढायचा जोर मोठा आणि वर ढकलायचा जोर छोटा, एका फेऱ्याची सरासरी काढली तर बॉडीवर खालच्या दिशेने निव्वळ ओढ राहते. किती? दोन डॅम्पिंगमधला फरक ३०००, गुणिले वेगाचं शिखर ०.३, भागिले पाय (३.१४), म्हणजे सुमारे २८६ न्यूटन. चाकाच्या नाचण्यातून बॉडीला फुकट मिळालेला ब्रेकच हा.

आता हेच लॉजिक अर्धा फेरा उशिरा चालवा. उघडताना मऊ, दाबताना कडक. सरासरी ओढ तितकीच, पण वरच्या दिशेने. बॉडी वर जातेय आणि तिला २८० च्या आसपास न्यूटन अजून वर ढकलतायत. बॉडी खाली यायला लागली की लॉजिक पलटतं आणि तोच जोर खाली ढकलायला लागतो. झोक्यावर बसलेल्याला कोणी मागून बरोबर वेळेला ढकलत राहावं तसं.

आणि डॅम्पर ऊर्जा देऊ शकत नाही ते? ते खरंच आहे, अजूनही खरं आहे. प्रत्येक क्षणी डॅम्पर ऊर्जा खातोच आहे. ऊर्जा येतेय रस्त्यातून, स्लॅबच्या जोडांनी चाक नाचवलं त्यातून, आणि डॅम्पर चुकीच्या वेळी कडक होऊन त्या नाचण्यातला एक हिस्सा बॉडीकडे वळवतोय. आपण डॅम्पर एकटा बघत होतो, तो चाक आणि बॉडी यांच्या मध्ये बसलाय आणि चाकाला रस्ता सतत ऊर्जा देतोय हे विसरत होतो. सेमी-ॲक्टिव्ह म्हणजे बिघडूच शकत नाही असं जे सर्रास बोललं जातं ते म्हणून अर्धंच खरं आहे. ते वाढत वाढत आवाक्याबाहेर जात नाही हे खरं, कारण बॉडीचा स्वतःचा वेग वाढला की नेहमीचं डॅम्पिंग त्याला थांबवतं. आमच्या आकड्यांनी कागदावर ढोबळ हिशोब केला तर डुलणं साधारण दोन-अडीच सेंटिमीटरवर येऊन टिकतं. होडीत बसल्यासारखं वाटायला तेवढं भरपूर झालं.

खात्री करायला सिम्युलेशनमध्ये ४६ मिलिसेकंदांचा उशीर घातला आणि फक्त जोडांचा सपाट रस्ता दिला. गाडी १.१ हर्ट्झला डुलायला लागली. उशीर काढला, थांबली. त्या दिवशी खरं समाधान वाटलं.

आता त्या जड फिल्टरच्या निकालाकडे येऊ. उशिराचा अंश समजा फाय. बॉडीला मिळणारी सरासरी मदत कोसाइन फाय च्या प्रमाणात असते आणि प्रत्येक स्विचिंगला जो जोराचा झटका बसतो तो साइन फाय च्या प्रमाणात, कारण वेळेवर स्विच केलं तर त्या क्षणी डॅम्परचा वेग शून्य असतो आणि झटका बसतच नाही. १९३ अंशांना कोसाइन जवळजवळ उणे १, म्हणजे पूर्ण उलटी मदत, साइन छोटा. फिल्टर जड केला तर उशीर २२० अंशांच्या पुढे गेला, कोसाइन उणे ०.७ वर आला म्हणून डुलणं किंचित कमी, साइनचा आकार ०.७ च्या आसपास गेला म्हणून टकटक वाढली. डोळ्यासमोर होतं सगळं.

दुरुस्ती

पहिलं काम फिल्टरचं. हाइट सेन्सरच्या सिग्नलचं डिफरन्शिएशन करून वेग काढायचा, त्यात नॉइझ येतो म्हणून फिल्टर लावायचा, फिल्टरने उशीर होतो, हे चक्रच सोडून दिलं. गाडीच्या पुढच्या हबवर ॲक्सेलरोमीटर आधीपासून होते, थेट कंट्रोलरला वायरने जोडलेले, फक्त खड्डा ओळखायला वापरत होतो. बॉडीचं ॲक्सेलरेशन वजा हबचं ॲक्सेलरेशन, त्याचं इंटिग्रेशन केलं की डॅम्परचा वेग मिळतो, आणि इंटिग्रेशनमध्ये नॉइझ आपोआप दबतो. इंटिग्रेशन हळूहळू एका बाजूला वाहत जातं, तर सावकाश भाग हाइट सेन्सरकडून घ्यायचा आणि भराभर भाग ॲक्सेलरोमीटरकडून. लूप ५ चा २ मिलिसेकंद केला.

दुसरं काम करंट ड्रायव्हरचं, म्हणजे कॉइलला करंट देणाऱ्या सर्किटचं. मऊ होताना १८ मिलिसेकंद का, तर व्होल्टेज बंद केल्यावर करंट कॉइल आणि डायोडमधून गोल गोल फिरत कॉइलच्या स्वतःच्या रेझिस्टन्सने सावकाश उतरत होता. आमची कॉइल २० मिलिहेन्री आणि अडीच ओहम, म्हणजे टाइम कॉन्स्टंट ८ मिलिसेकंद, एक दशांशावर यायला २.३ पट, झाले १८. यावर उपाय म्हणजे करंट उतरवताना कॉइलला बॅटरीचा व्होल्टेज उलटा द्यायचा. १२ व्होल्ट उलटे दिले तर १.६ ॲम्पियरवरून शून्यावर यायला २.३ मिलिसेकंद पुरतात. बोर्डवर प्रत्येक चॅनलला एक स्विच आणि एक डायोड वाढला, बस. मला विचाराल तर या अख्ख्या प्रकरणात सगळ्यात कमी कष्टात मिळालेला फायदा हाच. डॅम्परच्या डेटाशीटमध्ये ठळक छापलेला असतो तो कडक होण्याचा वेळ, मऊ होण्याचा वेळ बहुतेकदा तुमच्या ड्रायव्हर सर्किटवर ठरतो आणि तो तुम्हालाच मोजावा लागतो.

बेरीज आता १६ मिलिसेकंद. सेन्सर १, हलका फिल्टर २, लूप २, करंट ३, व्हॉल्व्ह ८. म्हणजे ६८ अंश. गाडी बाहेर काढली. डुलणं गेलं, पूर्ण गेलं, ड्रायव्हर खूश. आणि टकटक आधीपेक्षा वाढली.

गडबडून जाऊ नये अशी ही जागा आहे. ६८ अंशांचा कोसाइन ०.३७, म्हणजे मदत आता योग्य बाजूने आहे पण एक तृतीयांशच. साइन मात्र ०.९३. म्हणजे आपण आता जवळजवळ बरोबर डॅम्परच्या सगळ्यात जास्त वेगाला स्विच करतोय. झटका ३००० गुणिले ०.३ गुणिले ०.९३, साडेआठशे न्यूटनच्या जवळ, ३६० किलोच्या बॉडीला २.३ मीटर प्रति सेकंद वर्ग, सेकंदाला तेवीस-चोवीस वेळा. हा सूत्रानेच सांगितलेला निकाल होता आणि म्हणूनच यावेळी कोणी घाबरलं नाही, मागे जायचा विचारही नाही केला.

व्हॉल्व्हचे ८ मिलिसेकंद आमच्या हातात नव्हते, ते डॅम्परच्या आतले. मग ते पुढे बघून भरून काढले. हातात आता डॅम्परचा वेगही आहे आणि ॲक्सेलरेशनही आहे, तर ८ मिलिसेकंदांनंतर वेग किती असेल याचा अंदाज म्हणजे आत्ताचा वेग अधिक ॲक्सेलरेशन गुणिले ०.००८. एका ओळीचा कोड. व्हील हॉपला यातून ३१ अंश परत मिळतात, ६८ चे झाले ३७, कोसाइन ०.८०. अजून लोभ केला आणि १५ मिलिसेकंद पुढे बघून पाहिलं, कागदावर उशीर २० अंशांवर येतो, पण ॲक्सेलरोमीटरमधला वरच्या फ्रीक्वेन्सीचा कचरा इतका फुगतो की वेग शून्याजवळ असताना व्हॉल्व्ह फडफडायला लागतो. ८ वरच थांबलो.

तरी साइन ०.६ शिल्लक होता. इथे आम्ही एक निर्णय घेतला ज्यावर टीममध्ये बराच वाद झाला. चाक जोरात नाचतंय असं हबच्या सिग्नलवरून दिसलं की डॅम्परची रेंजच आवळायची, ५०० ते ३५०० ऐवजी ९०० ते १८००. खालची मर्यादा वाढवली कारण ५०० वर चाकाचं स्वतःचं डॅम्पिंग रेशो (नाचणं किती लवकर विझतं त्याचं माप) ०.०८ च पडतं, चाक नाचतच राहतं, ९०० वर ते ०.१५ होतं. वरची मर्यादा उतरवली म्हणजे झटका लहान. नवा झटका १६० न्यूटनच्या आसपास. काही जणांचं म्हणणं होतं की मग एवढा महागाचा डॅम्पर कशाला, अर्धी ताकद बांधून ठेवली. मला ते पटत नाही. मोठी लाट आली, बॉडी हलायला लागली आणि चाक शांत आहे, तेव्हा पूर्ण रेंज मोकळीच आहे. ज्या जागी आपला हात वेळेवर पोहोचत नाही तिथे जोर लावायचा हट्ट कशाला?

यासोबतच सगळं किंवा काहीच नाही असं स्विचिंग काढून स्कायहूकचा जोर बॉडीच्या वेगाच्या प्रमाणात मागायला लागलो, म्हणजे बॉडीचा वेग शून्यातून जाताना मागणीही शून्यातूनच जाते. मोठ्या लाटांवर अधूनमधून एक टक यायची ती यात गेली. हे खरं तर सुरुवातीपासूनच करायला हवं होतं.

जे सुटत नाही ते

सगळं झाल्यावर ड्रायव्हरने परत तोच रस्ता, तोच स्पीड चालवला. डुलणं नाही, टकटक नाही, पण जोडावरची बारीक थरथर अजून थोडी आहे असं म्हणाला. बरोबर म्हणाला. चाकाच्या ४० किलोचं आणि टायरच्या २ लाखाचं गणित केलं तर ११.२५ हर्ट्झला एक जागा अशी येते की तिथे बॉडीचं हलणं रस्त्याच्या हलण्याच्या बरोबर एक नवमांश असतं, ४० भागिले ३६०, आणि मध्ये स्प्रिंग कुठली, डॅम्पर कुठला, कंट्रोल कुठला याने त्या फ्रीक्वेन्सीला काहीही फरक पडत नाही. बॉडी आणि चाकाची समीकरणं एकत्र मिळवली की सस्पेन्शनचा जोर दोन्हीकडून कापला जातो आणि फक्त टायर उरतो, म्हणून. तिथे काही मिळवायचं असेल तर चाक हलकं करा किंवा टायर बदला. हे मी त्याला वर्कशॉपच्या फळ्यावर लिहून दाखवलं, त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ५५ ला का बरी वाटते?" ५५ ला जोडांची तिप्पट १०.२ वर येते, व्हील हॉपपासून दूर. फळ्यावर तेही लिहिलं.

या एका रस्त्यावर, या एका स्पीडला, आमची गाडी आता चांगल्या ट्यून केलेल्या साध्या शॉकअपच्या गाडीच्या बरोबरीची आहे, पुढे नाही. लांब लाटांच्या रस्त्यावर मात्र ती खूपच पुढे आहे. मागच्या चाकांचं काम अजून बाकी आहे, तिथे बॉडीचं वजन कमी आणि हबवर ॲक्सेलरोमीटर नाहीत, हाइट सेन्सरवरच भागवावं लागतंय, म्हणून तिथली रेंज सध्या पुढच्यापेक्षा लवकर आवळतो. आणि कंट्रोलरच्या टेस्टमध्ये एक नवीन ओळ आलीये, सेन्सरच्या दांडीपासून तेलाच्या दाबापर्यंतचा पूर्ण उशीर, कडक होताना वेगळा आणि मऊ होताना वेगळा, प्रत्येक सॉफ्टवेअर बदलानंतर मोजायचा, आणि तो २१ मिलिसेकंदांच्या, म्हणजे व्हील हॉपच्या पाव फेऱ्याच्या, वर गेला तर ते सॉफ्टवेअर गाडीत टाकायचं नाही.